टायर अजून आले नाहीत

१२ जानेवारी

कुंदाला सांगितलं की दर्यापूरजवळ पंक्चर झालं. ती म्हणाली, "तेवढ्यावरच निपटलं ना, बरं झालं," आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. मी ती खाल्ली.

पंक्चर नव्हतं. टायर फुटला. अकोल्याला ट्रेलर ताब्यात घेतला तेव्हा विकणारे डॉक्टर स्वतःच म्हणाले होते की हा बरीच वर्षं अंगणात उभा आहे, आधी टायर बदलून घ्या. मी वाकून पाहिलं आणि उलट त्यांनाच समजावलं, "नक्षी तर नव्यासारखी आहे, डॉक्टरसाहेब." आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. रेषा ठळक दिसल्या की मला सगळं ठीक वाटतं.

दर्यापूर मागे पडलं, रस्ता मोकळा होता, मी बोलेरो जरा दामटली. मागे सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला आणि ट्रेलर आडवा फिरला. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी माझी राहिली नव्हती. समोरून काळी-पिवळी जीप येत होती, माणसांनी ठासून भरलेली. तिच्या ड्रायव्हरने जीप सरळ तुरीत घातली, म्हणून सगळे वाचले.

जीपमधून एक बाई उतरली, कडेवर लेकरू. दोघांनाही काही लागलं नव्हतं. लेकरू रडतही नव्हतं, नुसतं माझ्याकडे बघत होतं. ड्रायव्हरने माझ्या खानदानाचा उद्धार केला आणि मग त्यानेच स्टेपनी बसवून दिली, कारण माझ्या हातात पाना ठरत नव्हता. तिथून वलगावपर्यंत मी सायकलच्या वेगाने आलो. ट्रेलर आमच्या शेतात, चुलतभाऊ देवानंदच्या शेडजवळ उभा केला आणि तसाच बसने अमरावतीला घरी आलो. बोलेरोही तिथंच सोडली. देवानंदला म्हणालो, डोकं दुखतंय.

हे कुंदाला सांगायला पाहिजे होतं. उद्या सांगीन.

२० जानेवारी

सांगितलं नाही. ती इतकी आनंदात आहे की हिंमत होत नाही.

बोलेरो देवानंदनेच घरी आणून दिली. तिच्यात बसून कुंदा काल वलगावला ट्रेलर पाहून आली, टेपने आतलं सगळं मोजून आली. ती त्याला ट्रेलर म्हणत नाही, "खोली" म्हणते. एक पलंग, एक ओटा, कोपऱ्यात पडद्याआड संडासाची जागा. हे सगळं बेबीताईंसाठी आहे. बेबीताई म्हणजे कुंदाची थोरली बहीण, चांदूर रेल्वेला एकट्या असतात. त्यांची मूत्रपिंडं थकत चालली आहेत. जास्त वेळ बसवत नाही, घडीघडी लघवीला उठावं लागतं, म्हणून बस नाही, आगगाडी नाही, कोणाची कार नाही. डॉक्टर म्हणाले की डायलिसिस लवकरच लागेल, आणि एकदा ते सुरू झालं की आठवड्यातून तीनदा दवाखाना. कुठं जायचं असेल तर त्याआधी जाऊन या.

दोघींना सेमाडोहला जायचं आहे. त्यांचे वडील जंगल खात्यात होते, दोघींचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. माझे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुंदाने त्यांचं सगळं केलं, कितीतरी वर्षं ती अमरावतीच्या बाहेर रात्रभर राहिली नाही. मागच्या वर्षी बाबा गेले. तेव्हा मीच म्हणालो होतो, आता तू म्हणशील तिथं. ट्रेलरची कल्पनाही माझीच.

"फेब्रुवारीत जाऊ," ती म्हणाली. "पळस फुलला असन."

मी म्हणालो, फक्त टायर तेवढे बदलून घेतो.

४ फेब्रुवारी

अकोल्याला सूर्यभानच्या टायरच्या दुकानात गेलो. बसने. कुंदाला म्हणालो, डिझेल कशाला जाळायचं.

गेले पंधरा दिवस मी टायरशिवाय दुसरं काही पाहिलेलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावून बसतो. आता मला कळलं की टायर नक्षीवरून ओळखायचा नसतो. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. डॉक्टरांच्या अंगणातल्या टायरवर ते आकडे होते. मी वाकलो तेव्हा माझ्या नाकासमोरच असणार. उन्हात उभ्या राहिलेल्या टायरचं रबर आतून मरतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात. त्याही होत्याच असतील.

सूर्यभानने दोन टायर पुढ्यात ठेवले. "हा कारचा. मऊ हाये, गाडी लोण्यावानी चालते. आन हा छोट्या हत्तीचा, मालवाहूचा. कडक हाये, पन वजन झेलते. तुमच्या खोलीत मानूस झोपन, पान्याची टाकी राहीन, गॅस राहीन. सांगा."

मी विचारलं, "कारचा टायर फुटायची शक्यता किती? आणि याची?"

"काका, टायर हाये तो. फुटते कधी कधी."

मी म्हणालो, मला न फुटणारा पाहिजे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

शेवटी मालवाहूचेच ठरवले, दोन आणि एक स्टेपनी, एकाच मापाचे आणि अगदी अलीकडच्या आठवड्यातले. तसे दुकानात नव्हते. तो मागवून घेणार. त्याने दोन नंबर मागितले, मी माझा आणि कुंदाचा दिला.

१९ फेब्रुवारी

सकाळी सूर्यभानचा फोन आला. टायर आले. रिम काढून आणा, तासाभरात बसवून देतो म्हणाला.

मी लगेच वलगावला गेलो. आधी म्हटलं, ट्रेलर जोडून बांधाबांधाने एक चक्कर मारून बघू. हूक लावला, बोलेरोत बसलो, किल्ली फिरवली. आरशात ट्रेलरचं पांढरं तोंड दिसलं आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. पहिला गिअरही पडला नाही. मी गाडी बंद केली, हूक काढला आणि शर्ट वाळेपर्यंत विहिरीपाशी बसून राहिलो.

घरी आलो तर कुंदा दारातच. "आले का टायर?"

"अजून नाही आले," मी म्हणालो.

इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. दुपारी सूर्यभानने पुन्हा फोन केला, मी उचलला नाही. मग बंदच करून ठेवला.

६ मार्च

कुंदा टायरचं विचारत नाही आता. मीच आज सांगितलं की आलेले टायर जुन्या तारखेचे निघाले, परत पाठवले. ती माझ्याकडे पाहत राहिली, म्हणाली, "बरं." मला वाटलं होतं ती नाराज होईल. झाली नाही. समजूतदार आहे. ती इतकी समजूतदार नसती तर मला जरा बरं वाटलं असतं.

अलीकडे ती दर दोन-तीन दिवसांनी दुपारची बोलेरो घेऊन वलगावला जाते. देवानंदच्या बायकोसोबत पापड-सरगुंडे करते म्हणे. तिला कार चालवता येते, बोलेरोही जमते, त्यामुळे मी काही म्हणत नाही. परवा परतली तेव्हा हाताला काळं वंगण लागलेलं होतं. म्हणाली, कढईचं आहे. सीट मात्र इतकी पुढं ओढलेली असते की माझे गुडघे अडकतात.

२३ मार्च

शेतात गेलो तर ट्रेलरचं तोंड उत्तरेला. मी दक्षिणेला उभा केला होता. काळ्या मातीत चाकांचे गोल गोल माग, जणू कोणी कोलू फिरवला. देवानंदला विचारलं तर तो दात काढून म्हणाला, "वाऱ्यानं फिरली असन, दादा."

हरभऱ्याची पोती ठेवायला त्याने ट्रॅक्टरने हलवला असणार. माझ्या वस्तूची मीच काळजी घेत नाही, तर त्याला काय बोलणार.

दोन्ही चाकांवर ओली पोती टाकून आलो, ऊन लागू नये म्हणून. त्यातला एक टायर तर तोच जुना, फुटलेल्याचा जोडीदार. त्याला ऊन लागलं काय आणि नाही काय. तरी टाकली.

१५ एप्रिल

पारा चढला आहे. अकोल्याचा आकडा पेपरात रोज पहिल्या पानावर असतो. मी कुंदाला म्हणालो, या उन्हात नवे टायरही फुटतात, पावसाळा झाल्यावर जाऊ. हे खोटं नाही. अगदी खोटं नाही.

ती म्हणाली, "ताईले तुमीच सांगा."

मी फोन केला. उन्हाचं, टायरचं, रस्त्याचं सगळं सांगितलं. बेबीताई शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राहू द्या उद्धवराव. माह्यासाठी तुमी काही त्रास नोका करून घेऊ. मी समजली."

किती मोठ्या मनाची बाई. फोन ठेवल्यावर मला आधी हलकं वाटलं आणि मग हलकं वाटल्याची लाज वाटली.

१० मे

बेबीताईंना चांदूरहून रुग्णवाहिकेने अमरावतीला आणलं. श्वास घेता येत नव्हता, पायांवर बोट ठेवलं तर खड्डा पडत होता. रात्रीच डायलिसिस सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, आता हे कायमचं.

कुंदा आयसीयूच्या बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. तिने माझा हात धरला नाही, झिडकारलाही नाही. पळस कधीच झडून गेला असेल.

२८ मे

बेबीताई आता आमच्याकडेच राहतात, पुढच्या खोलीत. दवाखाना इथून जवळ पडतो. दिवाणाशेजारी त्यांची संडासाची खुर्ची आहे. मी आत गेलो की त्या लगबगीने तिच्यावर चादर टाकतात आणि म्हणतात, "माफ करा बापा." मी म्हणतो, काय ताई, आणि पेपर घेऊन बाहेर येतो. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी आत जाणंच कमी केलं आहे.

काल त्या डायलिसिसहून आल्या. दारापासून दिवाणापर्यंत चालताना मध्ये भिंत धरून थांबल्या. जानेवारीत ह्याच बाई चांदूरच्या स्टेशनवर मला सोडायला आल्या होत्या, माझी पिशवी स्वतः घेऊन.

हे मी केलं. डॉक्टर म्हणतात आजारच तसा होता, आणि ते खरं आहे. आजार मी दिला नाही. पण मधले महिने मी घेतले. ते त्यांचे होते.

३ जून

आज बोललो.

कुंदा स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होती. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. दर्यापूरचं सांगितलं, जीपचं, त्या लेकराचं. पाना धरवेना हे सांगितलं. मग म्हणालो, "टायर मार्चमध्येच आले होते."

"फेब्रुवारीत," ती म्हणाली.

तिला कसं माहीत, ते मला कळेना.

"सूर्यभाननं मले फोटो पाठवला व्हता. तुमचा फोन लागत नव्हता म्हनून. त्याच दिवशी, संध्याकाळी. त्याच्या आधी तुमी वलगावहून आले, मी दारात विचारलं, तं तुमी म्हनाले, अजून नाही आले."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने सुरी खाली ठेवली. "वाट पाहून राहिली होती. म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन. वलगावले देवानंदभाऊकडून खोली ओढाले शिकली. रिव्हर्स घ्याले शिकली. म्हटलं, ज्या दिवशी हे खरं बोलतीन, त्या दिवशी म्हनीन, बसा बाजूले, मी चालवते. लय मजा वाटत होती मले मनात." तिचा आवाज फाटला. "आन तुमी बोललेच नाही. मीबी हट्ट सोडला नाही. तुमी तं भेले व्हते. मले कशाचं भेव होतं? मी कायले थांबली?"

मी म्हणालो, "तुझी चूक नाही."

"तुमी नोका सांगू माही चूक कोनती ते," ती म्हणाली आणि पुन्हा कैरी चिरायला घेतली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ताईले सांगा. मी नाही सांगनार तुमच्या वतीनं."

५ जून

डायलिसिसला आज मी घेऊन गेलो. यंत्र सुरू झालं, नर्स गेली. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलताच आलं नसतं.

बेबीताई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी भेले व्हते."

"हो."

"मोटार चालवाले."

"हो, ताई."

त्यांनी डोळे मिटले. "मले वाटलं, तुमाले माहा किळस येते."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"नवी कोरी खोली तुमची. तिच्यात मी बादली घेऊन बसनार. वास सुटनार. म्हटलं, कोनाले आवडन? म्हनून टायर-टायर करून राहिले बिचारे, तोंडावर नाही म्हनता येत नाही म्हनून. घरातबी तुमी माह्या खोलीत येत नाही. पेपर घेऊन पयता." त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. एका हाताला नळ्या होत्या, दुसऱ्याने त्यांनी ते पुसलं. "चार महिने मी स्वतःले साबन लावून लावून धुतलं, उद्धवराव."

यंत्राचा आवाज चालू होता. मला वाटत होतं माझी चूक मला माहीत आहे. मला फक्त माझी बाजू माहीत होती. त्यांच्या बाजूला काय पडत होतं, ते मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

"ताई, असं कधी मनातसुद्धा..."

"तुमच्या मनातलं मले कसं दिसन?" त्या म्हणाल्या.

६ जून

पेपर पुढच्या खोलीत वाचला. मोठ्याने. बेबीताईंनी हवामानाचं ऐकलं आणि म्हणाल्या, राजकारण नको. दुपारी खुर्चीखालची बादली मी काढली. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

१८ ऑक्टोबर

कुंदासोबत सूर्यभानच्या दुकानात. ती चालवत होती, मी बाजूला. आमचे टायर त्याने मे महिन्यातच कोणाला तरी देऊन टाकले होते. त्याने पुन्हा दोन्ही प्रकार पुढ्यात ठेवले. मी पोपटासारखा बोलू लागलो, कडकपणा, हवा, आठवडे, वर्ष. कुंदाने ऐकून घेतलं.

"वजन झेलनारा कोनता?"

सूर्यभानने मालवाहूचा दाखवला. तिने चष्मा वर करून बाजूवरचे चार आकडे वाचले, भेगा आहेत का ते बोट फिरवून पाहिलं. "हेच द्या. तीन."

झालं. चहा यायच्या आधी.

परतताना दर्यापूरच्या पुढे ती जागा आली. मी म्हणालो, "इथं." तिने गाडी हळू केली. तुरीला फुलं होती. बघण्यासारखं काही नव्हतं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गिअर बदलायच्या वेळी काढून घेतला.

१६ नोव्हेंबर

परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका संत्र्याच्या बागेत आहोत. बाग देवानंदच्या ओळखीच्या माणसाची. डॉक्टरांनी एकच रात्र दिली आणि घाट चढायचा नाही, दवाखाना जवळ पाहिजे, असं बजावलं. सेमाडोह वर, डोंगरापलीकडे.

कुंदाने खोली एकदाही न थांबता ओढत आणली. निघताना चाकांचे नट मी आवळले, हवा मी तपासली. वाटेत तळहातांना घाम आला, तो मी तिला सांगितला. "पुसा," ती म्हणाली.

बेबीताईंना आम्ही दोघांनी धरून उतरवलं आणि खिडकीपाशी पलंगावर निजवलं. संत्र्याचा वास सगळीकडे. त्यांना संत्रं खायला मनाई आहे. एक तोडून मी त्यांच्या हातात दिलं, त्या ते नाकाशी धरून पडून राहिल्या. मग दोघी बहिणी क्वार्टरच्या गोष्टी काढून हसल्या. कुंदाला इतकं हसताना मी कधी ऐकलं होतं, आठवत नाही. नंतर ती हात-पाय धुवायला विहिरीवर गेली.

मी म्हणालो, "ताई, सेमाडोह इथून दिसत नाही."

"नाही दिसत. फेब्रुवारीत दिसलं असतं." त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. जे होतं ते म्हटलं.

मी पलंगाच्या कडेला बसलो. सबंध पावसाळाभर जे विचारायचं होतं ते विचारलं. "ताई, तुम्ही मला माफ केलं का?"

त्यांनी संत्रं उशीशेजारी ठेवलं आणि थोडा विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या. मग ओट्याकडे मान करून, "चाय मांडा. मले अर्धाच कप, जास्तीचं पानी चालत नाही."

मी अर्धा कप पाणी मोजून पातेल्यात टाकलं, गॅस पेटवला आणि उकळी येईपर्यंत तिथंच, त्यांच्यासमोर, उभा राहिलो.